कच्चा साठा

पुण्याच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेच्या अलीकडे एक लांबलचक काउंटर होता. तिथे माणसं आपल्या वस्तू सोडून देत होती. एका बाईनं मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. कितीतरी वर्षं ते तिच्या नाडीचे ठोके ओळखत होतं. तिच्या मागच्या गृहस्थांनी बोलकी बाहुली काउंटरवर ठेवली. घरातल्या मुलीचं नाव तिला पाठ होतं. काउंटरपलीकडचा कर्मचारी प्रत्येक वस्तू पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावत होता. या वस्तू मागाहून जहाजानं जायच्या आणि महिना-दीड महिन्यानं मालकाला मिळायच्या. ज्यांना तेवढं थांबायचं नसे ते वस्तू बरोबर नेत, पण मग पलीकडे पोचल्यावर घड्याळाला मालकीण नव्यानं ओळखावी लागे आणि बाहुलीला मुलीचं नाव नव्यानं शिकवावं लागे.

या सगळ्याला कारण होतं ते रांगेच्या टोकाला उभं असलेलं पांढरं द्वार. सरकारी कागदांत त्याचं नाव 'नत्रवेध' होतं. लोक त्याला 'पुसणी' म्हणत.

डॉक्टर हेमांगी खटावकर त्या दिवशी कुठं जायला निघालेली नव्हती. ती फलटणहून आली होती ती नुसतं एक विचारायला. तपासणी विभागाच्या अधिकारी बाईंनी तिला खुर्ची दिली आणि तिचा अर्ज पुढ्यात घेतला.

"तुमचा अर्ज मी वर पाठवला होता," त्या म्हणाल्या. "नामंजूर झालाय."

"हृदयात पेसमेकर असलेल्यांना तुम्ही बाजूच्या दारानं सोडता."

"सोडतो. त्यांच्या जिवाला धोका असतो. कान पुसला गेल्यानं माणूस मरत नाही, असं समितीचं म्हणणं पडलं." बाईंनी अर्ज घडी करून परत दिला. "बर्गनला कोण असतं तुमचं?"

"मुलगा."

हेमांगी उठून बाहेर आली. काचेपलीकडून माणसं पुसणीतून जाताना दिसत होती. आत पाऊल टाकायचं, क्षणभर थांबायचं आणि बाहेर पडायचं. कुणाला काही जाणवत नव्हतं.

पुसणी हवाई प्रवासात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्याआधी सामान क्ष-किरणांखालून जाई आणि माणूस धातू शोधणाऱ्या चौकटीतून. पण क्ष-किरणांना वस्तूचा आकार दिसतो, ती कशाची बनलीय हे नीट कळत नाही. शरीराच्या आत स्फोटकं दडवून नेण्याचे प्रकार सुरू झाले तेव्हा त्या यंत्रांचा उपयोग संपला. मग नव्या तंत्राचा शोध सुरू झाला. बहुतेक स्फोटकांत नत्र ठासून भरलेलं असतं. ठरावीक लहरींचा रेडिओ-ठोका दिला की त्या नत्राची अणुकेंद्रं अगदी क्षीण, पण ठरावीक सुरात उत्तर देतात. युरियातलं नत्र वेगळ्या सुरात बोलतं, स्फोटकातलं वेगळ्या. हे उत्तर शरीराच्या आतूनही ऐकू यावं म्हणून ठोका फार जबरदस्त द्यावा लागे. हाडामांसाला त्याचा त्रास नव्हता. फोन आणि संगणक बनवणाऱ्यांनी आपल्या चिपांना कवच घालून घेतलं होतं. पण ज्या वस्तू अनुभवातून हळूहळू शिकलेल्या असत, ज्यांचं शिक्षण विजेच्या अतिसूक्ष्म भारांच्या रूपात साठलेलं असे, त्या ठोक्यासरशी कोऱ्या होत.

हेमांगीच्या उजव्या कानामागे अशीच एक वस्तू होती.

हेमांगी गुरांची डॉक्टर. फलटणच्या आसपासच्या गोठ्यांमध्ये तिची अर्धी हयात गेली. गाईच्या पोटाला नळी लावून आतली गुरगुर ऐकायची आणि रवंथ बिघडलाय की आतडं पिळलंय ते सांगायचं, यात तिचा हातखंडा होता. शेहेचाळिसाव्या वर्षी तिला मेंदूच्या आवरणाला सूज येऊन ताप आला. जीव वाचला, दोन्ही कान गेले. नवरा आधीच गेलेला. घरात ती आणि इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला मिहीर, तिचा एकुलता एक मुलगा. दोन वर्षं ती पाटीवर लिहून घेऊन जगली. मग पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर रेहाना मुजावरनं तिच्या कानात श्रुतिपटल बसवलं.

श्रुतिपटल म्हणजे नखाएवढी चकती. तिच्यावर हेमांगीच्याच पेशींपासून वाढवलेल्या चेतापेशींचा थर होता. बाहेरचा आवाज या थरावर पडे, थर त्याचा अर्थ लावी आणि तो मेंदूकडे पोचवी. अडचण इतकीच की नव्या थराला काहीच येत नसे. तान्ह्या बाळासारखं त्याला सगळं शिकावं लागे. पहिल्या दिवशी रेहानानं "ताई, ऐकू येतंय का?" असं विचारलं तेव्हा हेमांगीला पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाटलं होतं.

तो थर शिकवला मिहीरनं. नोकरी लागली असूनही त्यानं रुजू व्हायचं लांबणीवर टाकलं. रोज दुपारी तो आईसमोर बसे, वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि मधेच प्रश्न विचारी. तिनं चुकीचं उत्तर दिलं की पुन्हा वाची. कंटाळून ती चिडली की तोही चिडे, आणि दोघं भांडत. त्या खडीतून पहिला शब्द वेगळा झाला तो 'आई'. मग त्याचं हसणं, मग त्याचा राग. बाकी सगळ्या जगाचे आवाज त्याच्या आवाजाच्या पाठोपाठ आले. पुढे मिहीर नॉर्वेत बर्गनला गेला, समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कामावर. तिथेच त्यानं जान्हवीशी लग्न केलं. तो दरवर्षी येऊन जाई आणि संध्याकाळी फोन करी. त्यानं नुसतं "आई" म्हटलं की हेमांगीला कळे, आज याचं साहेबाशी बिनसलंय, किंवा आज याला भूक लागलीय.

गेल्या वर्षीपासून त्या "आई"मध्ये धाप ऐकू यायला लागली. जान्हवीच्या आधी, डॉक्टरांच्याही आधी, ती हेमांगीनं ऐकली. त्याची फुप्फुसं कडक होत चालली होती. औषधं लागू पडत नव्हती. आता जान्हवीचा निरोप आला होता: आई, येता आलं तर या. फार दिवस नाहीत.

विमानतळावरून हेमांगी तडक रेहानाच्या प्रयोगशाळेत गेली. रेहाना मिरजेची, तिच्याहून बरीच लहान. इतक्या वर्षांत दोघींचं नातं डॉक्टर-पेशंटचं उरलं नव्हतं.

"डोक्याला जाळीची टोपी घालून गेले तर?" हेमांगीनं विचारलं.

"ताई, ठोका आत जाऊ न देणारी वस्तू अंगावर असली की यंत्र पहिलं तेच पकडतं. काढायला लावतील."

"मग चकतीच काढून घे. तिकडून आल्यावर बसव."

"ती चकती आता तुमच्या कानाच्या नसेत रुजलीय. उपटली तर नस तुटेल. मग कधीच काही ऐकू येणार नाही."

"थरात जे आहे त्याची नक्कल करून ठेव की कुठेतरी."

रेहानानं मान हलवली. "तुम्हाला सायकल येते ना? ती तुमच्या कुठल्या पेशीत आहे ते सांगा, मी नक्कल करते. ताई, तो थर जिवंत आहे. त्यात मिहीरचा आवाज एका जागी ठेवलेला नाही. सगळ्या थरभर पसरलाय."

"पुसलं गेल्यावर परत शिकता येईल?"

"येईल. आठ-दहा महिने लागतील. मागच्याइतकेच."

"त्याच्याकडे तेवढे महिने नाहीत."

"मला माहीत आहे." रेहाना तिच्या शेजारी येऊन बसली. "म्हणून सांगते, जाऊ नका. इथे राहून तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्याशी बोलू शकता. तिथे गेलात तर तो बोलेल आणि तुम्हाला खडी ऐकू येईल. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असणार, ओठही दिसणार नाहीत. फोनवर अक्षरं उमटवणारी यंत्रं धापेतलं बोलणं पकडत नाहीत."

"जहाजानं?"

"तुम्हीच सांगा."

जहाजाला जो वेळ लागतो तो काउंटरवर सगळ्यांना ठाऊक होता.

फलटणला परतल्यावर तिनं नेहमीसारखा फोन घेतला. मिहीरनं विचारलं, आज कुठल्या गोठ्यात होतीस? तिनं एका अडलेल्या म्हशीची हकिकत सांगितली. खरं तर ती आदल्या आठवड्यातली होती. तो हसला, मग बराच वेळ खोकला.

"जान्हवी म्हणते मी यावं," ती म्हणाली.

"कशाला गं," मिहीर म्हणाला. "इथे थंडी आहे. तू बोलत राहा, पुरे आहे मला."

पुसणीत श्रुतिपटल कोरं होतं, हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. तो इकडे यायचा, त्यामुळे तशी वेळच आली नव्हती. आईला त्रास नको म्हणून तो नको म्हणतोय, असं तिनं धरलं. लहानपणी तापानं फणफणला असला तरी तो 'बरंय' म्हणायचा. अशा वेळी आपण त्याचं ऐकायचं नसतं, कपाळावर हात ठेवून बघायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोनमधून हात ठेवता येत नव्हता.

ती गेली.

पुसणीत पाऊल टाकलं तेव्हा मागं कुणीतरी लहान मुलाला रागावत होतं. "पुढं बघ, पुढं" असं एक बाई म्हणत होती. पुढच्या पावलाला ती बाई थांबली नाही, पण तिचं बोलणं थांबलं. त्या जागी पत्र्यावर खडी पडू लागली. पलीकडे उभ्या असलेल्या शिपायानं काहीतरी विचारलं. हेमांगीनं अंदाजानं मान हलवली आणि पुढं निघाली.

बर्गनचं इस्पितळ डोंगराच्या उतारावर होतं. जान्हवीला तिनं दारातच, हातानं लिहून सारं सांगितलं आणि मिहीरला कळू द्यायचं नाही असं बजावलं. जान्हवीनं कागद वाचला आणि तिचे डोळे भरून आले, पण ती कबूल झाली.

मिहीर उशांना टेकून बसला होता. खूपच बारीक झाला होता. हेमांगीनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. तो मास्कच्या आत काहीतरी बोलला. तिनं हसून उत्तर दिलं. त्यानं आणखी काही विचारलं, तिनं पुन्हा उत्तर दिलं. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ राहिली. मग त्यानं डोळे मिटले आणि तिचा हात धरला.

त्यानंतर रोज दुपारी जान्हवी घरी जाऊन येई तेव्हा मायलेक दोघंच असत. तेवढ्या वेळात मिहीर बोले. थांबत, धापा टाकत, पण खूप बोले. हेमांगी त्याच्या डोळ्यांकडे बघत राही. भुवया वर गेल्या की ती "हो का?" म्हणे, डोळे बारीक झाले की हसे. कधी त्याच्या डोळ्यांतून पाणी येई, तेव्हा ती ते पुसून "होईल बरं" म्हणे. गुरं कुठं बोलतात, तरी त्यांचं दुखणं आपल्याला कळतंच की, असं ती स्वतःला समजावी. हातातला त्याचा हात खरा होता, ऊब खरी होती. आपण आलो ते बरंच केलं, असं तिला त्या दुपारी मनापासून वाटत होतं.

बर्फ वितळायला लागायच्या आधी मिहीर गेला. जाताना त्याचा हात तिच्या हातात होता.

परतीच्या प्रवासात ती पुन्हा पुसणीतून आली. या वेळी पुसायला काही नव्हतं.

पुन्हा शिकणं सुरू झालं. दुपारी समोर बसायला आता मिहीर नव्हता. रेहानानं शिकवणीसाठी एक मुलगी नेमली, तृप्ती नावाची. ती आठवड्यातून चार दिवस फलटणला येई आणि चिकाटीनं वाचून दाखवी. खडीतून पहिला सुटा झाला तो कुकरच्या शिटीचा आवाज. मग कावळा, मग गाईचं हंबरणं, मग तृप्तीचं "आजी". बाकीचं जग तृप्तीच्या आवाजाच्या पाठोपाठ आलं. दिवाळीपर्यंत हेमांगी फोनवर जान्हवीशी बोलू शकत होती.

त्या सुमारास रेहानानं तिला पुण्याला बोलावलं.

"ताई, एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती," ती म्हणाली. "श्रुतिपटलात थराखाली एक साधी चिप आहे. थराला जो आवाज समजत नाही तो वाया जाऊ नये म्हणून ती तो तसाच ठेवून देते. आम्ही त्याला कच्चा साठा म्हणतो. पुढे थर हुशार झाला की फावल्या वेळात ते जुने आवाज पुन्हा काढून बघतो. समजला आवाज की तो साठ्यातून पुसतो. उजळणी म्हणा ना. चिपेला कवच आहे, तिला पुसणीचं काही होत नाही."

हेमांगीचा हात उजव्या कानामागे गेला.

"तारखांवरून दिसतं, तुमच्या साठ्यात बर्गनच्या सगळ्या दुपारी आहेत. उजळणी मी बंद करून ठेवलीय. नाहीतर एखाद्या दिवशी भाजी चिरताना अचानक ते सुरू झालं असतं."

"मिहीर?"

"हो. मी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही. तुम्ही म्हणाल तर सुरू करते, नाहीतर न ऐकताच पुसून टाकते. पण दोन गोष्टी आहेत. एकदा समजलं की ते साठ्यातून जाईल. हवं तर आधी प्रत काढते."

"नको. तो काही दोनदा बोलला नव्हता. दुसरी?"

"थर आवाज ओळखायला शिकतो तो देवाणघेवाणीतून. आपण बोलायचं, समोरच्यानं उत्तर द्यायचं, चुकलं तर दुरुस्त करायचं. तृप्तीला तुमचा थर ओळखतो, मलाही ओळखतो. मिहीरशी या थराचं असं बोलणं कधी झालेलंच नाही, आणि आता होणारही नाही. शब्द सगळे स्वच्छ कळतील. आवाज मात्र त्याचा वाटेल की नाही, मला सांगता येत नाही."

"सुरू कर," हेमांगी म्हणाली.

आवाजबंद खोलीत एक खुर्ची होती. हेमांगी बसली. काचेपलीकडून रेहानानं खूण केली आणि एक तरुण माणूस बोलू लागला. त्याला धाप लागत होती.

"आई, तुला ऐकू येत नाहीये. पहिल्याच दिवशी कळलं मला. मी विचारलं, जेवलीस का, तर तू म्हणालीस, हो, छान बर्फ पडलाय." तो हसला, मग खोकला. "जान्हवीला वाटतं मला माहीत नाही. असू दे. पुसणीचं मला केव्हापासून ठाऊक आहे गं. मी दरवर्षी जातो की तिच्यातून. म्हणूनच तर मी ये म्हणालो नाही."

मधे यंत्राची घरघर होती. तिच्यातून वाट काढत तो पुन्हा बोलू लागला. दुपार बदलली होती बहुधा.

"जान्हवीसमोर घाबरता येत नाही. ती मग झोपतच नाही. तुझ्यासमोर येतं, तुला ऐकू येत नाही म्हणून. आई, मला फार भीती वाटते. श्वास अर्ध्यात संपतो ना, तेव्हा कुणीतरी पाण्याखाली धरून ठेवल्यासारखं होतं. मला असं नको होतं."

आणखी एक दुपार.

"फोनवर होतीस तेव्हा मी नुसतं 'आई' म्हटलं तरी तुला कळायचं. तेवढंच मला शेवटपर्यंत हवं होतं. जगात एक माणूस असा होता, ज्याला मला सांगावं लागत नव्हतं. आता तू इथे बसलीयस, हात धरून, आणि मी सांगतोय तर तू म्हणतेस, होईल बरं. तू यायला नको होतंस, आई. खरंच नको होतंस." बराच वेळ नुसता श्वास. "हात नको सोडूस पण. धर. हां."

असं बरंच होतं. काही फलटणचं, काही जान्हवीबद्दलचं, काही नुसतं रडणं. हेमांगीला प्रत्येक शब्द स्वच्छ कळला. ती लक्ष देऊन, पुढे झुकून ऐकत होती. मात्र तो आवाज मिहीरचा नव्हता. त्यात कुठेही तो सापडत नव्हता. 'आई' हा शब्द तर कितीतरी वेळा आला, आणि दर वेळी तो एका अनोळखी, दमलेल्या तरुणानं कुणाला तरी मारलेल्या हाकेसारखा ऐकू आला. हेमांगीनं डोळे मिटून त्या आवाजावर त्याचा चेहरा ठेवून पाहिला. तो बसेना.

साठा संपला. समजलेलं सगळं पुसलं गेलं.

रेहाना दार उघडून आत आली. तिनं पाण्याचा पेला पुढे केला. हेमांगीनं तो घेतला, पण ती प्यायली नाही. तिला वाईट वाटत होतं, खूपच वाईट वाटत होतं, पण ते दुसऱ्याच्या घरातलं दुःख ऐकून वाटावं तसं. जे यायला हवं होतं त्याची ती वाट पाहत होती आणि ते येत नव्हतं.

"फार घाबरला होता गं तो मुलगा," ती शेवटी म्हणाली.

आपण काय बोललो ते तिच्याच कानावर पडलं. तिनं घाईनं "मिहीर" असं म्हणून पाहिलं. शब्द नीट ऐकू आला आणि तिथेच राहिला. रेहानानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"रेहाना," हेमांगीनं विचारलं, "त्याच्या आईनं काय करायला हवं होतं?"